डावा कोपरा, विशेष काही नाही

अन्याय ईशान साळवीवर झाला. गेल्या वर्षी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारच्या सामन्याच्या मध्यंतरात, नागोयाच्या नदीकाठच्या मैदानावर. करणारा माणूस मोरिता-सान. हत्यार म्हणाल तर दोन शब्द: "तोकुनी नाशी." मराठीत सांगायचं तर, विशेष काही नाही. साक्षीदार मी. एका हातात कॅमेऱ्याची बॅटरी आणि तोंडात अर्धी ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा. तो गोळा तोंडात नसता तर मी तिथल्या तिथे भांडले असते. जपानात माझी निम्मी भांडणं भाताने टाळली आहेत.

हे आज आठवायचं कारण, किनमोकुसेई फुलला. सबवेतून वर आलं की कोंबिनीच्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानाच्या, वळणावर वास अंगावर येतो. पिकलेल्या जर्दाळूंत कुणी पारिजातकाची फुलं मिसळून ठेवावीत तसा. रस्त्यावरची माणसं क्षणभर थांबतात, मास्क खाली ओढतात, इकडेतिकडे बघतात. झाड काही दिसत नाही. ते असतं कुठल्यातरी कुंपणात, गुमान, मोहरीएवढी नारिंगी फुलं अंगावर घेऊन. दरवर्षी या दिवसांत मला प्रयोगशाळेत जायला उशीर होतो आणि दरवर्षी मी खरं कारण सांगते. प्रोफेसर खूश होतात. ऋतूचं कारण दिलं की जपानात उशीर माफ आहे, हा माझा सगळ्यात उपयुक्त शोध. पीएच.डी.त तो लिहिता येत नाही, एवढंच.

हा वास आला की त्याच्या मागोमाग दुसरे वास येतात. ओल्या गवताचा. दुखऱ्या खांद्यांवर लावायच्या थंड फवाऱ्याचा. दिवसभर उन्हात घालून उतरवलेल्या खांद्यांच्या कवचांचा. त्याचं वर्णन करत नाही, तुम्ही जेवत असाल. आणि या सगळ्यांच्या वर, गेल्या वर्षीपासून, खमंग भाजणीचा. तो कसा आला ते सांगते.

मी पुण्याची. तिथे वसतिगृहाच्या पाण्यासाठी, बसच्या पासासाठी, ऐन वेळी पुढे ढकललेल्या परीक्षेसाठी पत्रकं लिहिली, वाटली, आणि कॉलेजच्या फाटकावर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडले. इथे आले ते माणसाच्या चालण्यावर संशोधन करायला. म्हातारी माणसं जिना उतरताना पाऊल कसं टाकतात, असा माझा विषय. आमच्याकडे चांगले कॅमेरे आहेत म्हणून विद्यापीठाच्या फुटबॉल क्लबने मदत मागितली आणि प्रोफेसर म्हणाले, "मुक्ता-सान, जाऊन या." मी गेले. मला मैदानाच्या कडेला लोखंडी नळ्यांच्या मनोऱ्यावर चढवलं आणि एकच सूचना दिली: चेंडूच्या मागे राहा.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. जपानी माणसाला लांब शब्द परवडत नाहीत, म्हणून तो इथे आमेफुतो झाला. हेल्मेट, कवचं, लांबट चेंडू, दर मिनिटाला ढीग आणि शिट्टी. नियम समजावत बसत नाही, मलाही सगळे येत नाहीत. एकच गोष्ट धरून ठेवा. चेंडू फेकणारा एक असतो आणि झेलायला पळणारे बरेच. त्यातला एक कडेच्या रेषेला धरून सुसाट सुटतो. त्याच्यासमोर बचावाचा जो एकटा गडी उभा असतो, तो कॉर्नरबॅक. कोपऱ्यावरचा राखणदार. त्याने सुरुवातच उलट पळून करायची. समोरच्याला माहीत असतं आपण कुठे वळणार आहोत. याला माहीत नसतं. तरी दोघांनी एकाच क्षणी वळायला हवं. माणूस पुढे कसा चालतो यावर मी चार भिंतींच्या आत डोकं फोडत होते, आणि इथे एक मुलगा मागे पळत असा वळायचा, जणू तेल घातलेल्या बिजागरीचं दार.

तो मुलगा मराठी आहे हे मला मनोऱ्यावर कळलं. आईशी फोनवर बोलत होते, "अगं खाल्लंय मी, दोनदा खाल्लंय," आणि खालून हाक आली, "ताई! तू मराठी आहेस? मी पण मराठी आहे! मी ग्योतोकुची, तोक्योजवळची!"

मी खाली वाकून मुलगी शोधायला लागले.

मुलगी नव्हती. हेल्मेट काखेत धरलेला, मानेवरून घाम निथळणारा, माझ्या दीडपट रुंद ईशान साळवी होता, चौथ्या वर्षाचा, डावा कॉर्नरबॅक. बाप तोक्योतल्या तोयोसुच्या एका उंच इमारतीत संगणकासमोर. आईसुद्धा तिथेच, पण ती संध्याकाळी घरी यायची. त्यामुळे ईशानचं मराठी आख्खं आईकडून आलेलं. मी येते, मी जेवते, मी दमले. बाबांकडून एकच वाक्य शिकला होता: "झोपला का?" मी सुधारायचा प्रयत्न केला. "ईशान, तू मुलगा आहेस. मी येतो म्हण." तो जपानी पद्धतीने मान तुकवून म्हणाला, "हो ताई, मी लक्षात ठेवते." मग मीच नाद सोडला. क्लबात तो मला मुक्ता-सान म्हणायचा, क्लबाबाहेर ताई, आणि घाई असली की दोन्ही एकत्र: ताई-सान. सगळ्या क्लबने तेच उचललं. आजही पहिल्या वर्षाची पोरं मला लांबून वाकून "ताई-सान!" म्हणतात. त्यांना वाटतं ते माझं आडनाव आहे.

आता गुणदोष. पत्रक लिहिणाऱ्या माणसाने आपल्या बाजूच्याचे दोष लपवायचे असतात, पण इथे लपवणार नाही. उंची बेताची. वेग चांगला, अचाट नाही. हात म्हणजे चाळणी. सोप्या झेलाचा चेंडूसुद्धा छातीवर आपटून पाडायचा. आणि माणसाला पाडायची वेळ आली की असा धरायचा, जणू आजोबांना बसमधून उतरवतोय. पण कंबर! आणि पाय! आणि समोरच्याच्या अंगात काय चाललंय ते कळण्याची ती अक्कल! झेलणारा डावीकडे झुकला की तो झुकणं खरं का खोटं, हे ईशानच्या घोट्याला आधी कळायचं, डोक्याला नंतर. मी शरीराची हालचाल मोजणारी बाई आहे. मला हे दिसत होतं. फेकणाऱ्यालाही दिसत होतं. म्हणून तो डाव्या बाजूला चेंडू टाकायचाच नाही.

आणि तिथेच घोटाळा होता. चेंडू येत नाही म्हणून अडवलेले चेंडू नाहीत. अडवलेले नाहीत म्हणून नाव नाही. माझा कॅमेरा सांगितल्याप्रमाणे चेंडूच्या मागे, म्हणून चित्रणातही तो नाही. आख्ख्या मोसमाच्या आमच्या चित्रणात ईशान साळवी दिसायचा तो सामना संपल्यावर ओळीत उभं राहून प्रेक्षकांना वाकताना.

मोरिता-सान कोण, ते सांगायला हवं. शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. फिकट टोपी, जवाच्या थंड चहाचा थर्मास, आणि घडीची खुर्ची, जी ते मैदानाच्या बरोबर मध्यावर मांडायचे. कॅनडातली एक व्यावसायिक लीग दर वसंतात बाहेरच्या देशांतले थोडे खेळाडू निवडते. त्याआधी हिवाळ्यात तोक्योजवळ चाचणी होते. तिथे कुणाला बोलवायचं हे ठरवताना आमच्या भागापुरता मोरिता-सानांचा शब्द चालतो. आमचा भाग म्हणजे तोक्योवाल्यांच्या आणि ओसाकावाल्यांच्या मधला. गाणारे, नाचणारे, सर्कशी सगळे दोन्हीकडे कार्यक्रम करतात आणि मधलं नागोया ओलांडून जातात. त्याला इथे शब्दच आहे, 'नागोया-तोबाशी', नागोयावरून उडी. ईशानवरून दुहेरी उडी पडत होती.

त्या दुपारी मध्यंतरात क्लबच्या विश्लेषक मुलांची प्रमुख, आया, मोरिता-सानांसमोर उभी होती. मी शेजारी, तोंडात ओनिगिरी. त्यांनी उजव्या कॉर्नरबद्दल बरंच सांगितलं. धाडसी आहे, झेप चांगली, थोडा जुगारी. मग आयाने विचारलं, "डावा?"

मोरिता-सान रिकाम्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. चहाचा घोट घेतला. म्हणाले, "डावा... तोकुनी नाशी."

आया "हाय" म्हणाली. हो, म्हणजे.

मी भात गिळला. "मोरिता-सान, हे बरोबर नाही." माझ्या जपानीत आडवळण नाही, आडवळणाचं व्याकरण मी शिकलेच नाही. आयाच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू मी देवळात चपला घालून शिरलेय.

मोरिता-सान मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "मुक्ता-सान, चेंडू आला नाही. जे झालंच नाही, ते मी बघू कसं?"

"तो चांगला आहे म्हणून आला नाही!"

"किंवा फेकणाऱ्याला तेवढं लांब फेकता येत नाही म्हणून. आपल्या भागातले संघ काही फार मोठे नाहीत. मला कसं कळणार?"

माणूस चुकतोय आणि त्याचा प्रश्न मात्र बरोबर आहे, याइतकं संतापजनक जगात काही नाही.

ईशानला मी सामना संपल्यावर गाठलं. तो यंत्रातून काढलेला मक्याच्या गरम सूपचा डबा गालाला लावून उभा होता. मी जे काय बोलायचं ते बोलले, मोठ्याने. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, ओरडू नको ना. मी लाजते."

"तुला राग येत नाही?"

"येते." मग जरा थांबून, "ताई, एप्रिलमध्ये मी कंपनीत जाणार. गाडीचे सीट करतात. चांगली माणसं आहेत. डिसेंबरमध्ये शेवटची मॅच. मग हेल्मेट परत द्यायची." आणि डब्याच्या तळाशी अडकलेला मक्याचा शेवटचा दाणा काढायला त्याने डबा उलटा धरून बोटाने टकटक वाजवला. दाणा निघाला नाही. त्याने तो डबाही नीट डब्यांच्या खोक्यात टाकला, झाकण वेगळं करून.

मी ठरवलं, पत्रक.

रविवार संपायच्या आत मराठीत लिहून काढलं. खणखणीत. 'निषेध' होता, 'धिक्कार' होता, 'आम्ही विचारू इच्छितो' तर तीनदा. आयाला भाषांतराला बसवलं. आया हुशार, चौथ्या वर्षाची, सतत सर्दी झालेली. ती वाचायची आणि थांबायची. "ताई-सान, 'धिक्कार' म्हणजे जपानीत 'आम्हाला थोडी काळजी वाटते' असं होईल." ठीक. "इथे 'उत्तर द्या!' आहे. 'आपल्या सोयीने विचार करता आला तर आनंद होईल' असं केलं." बरं. सगळं झाल्यावर तिने वाचून दाखवलं. त्यात अन्याय राहिलाच नव्हता. मोसम बदलतोय, हवा थंड होतेय, आपण तब्येतीची काळजी घेत असालच, आणि डाव्या कोपऱ्यामुळे आपल्याला काही त्रास झाला असेल तर क्षमस्व. मी एवढी हसले, की ग्रंथालयाच्या बाईने येऊन बोटाने गप्प केलं. आयासुद्धा नाक पुसत हसत होती. ते पत्रक मी भिंतीला लावलंय. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सभ्य पत्रक. वाटलं मात्र नाही.

मग दिवाळी आली. इथे दिवाळीला सुट्टी नाही, अंधारही तेवढाच आणि दुकानंही तशीच. पण त्या रविवारी सामना होता आणि वैशालीकाकू, म्हणजे ईशानची आई, ग्योतोकुहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, आल्या, मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन. ईशान म्हणाला होता, आई प्रत्येक मॅचला येते, पण तिला लाज वाटते म्हणून पलीकडे डावीकडे एकटी बसते. लाज! काकूंनी येताच मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तूच का ती? फोनवर ऐकलंय मी तुझ्याबद्दल. म्हणतो, 'आई, ताई रागावली की मला मज्जा येते.' बारीक झालीस हो. घे."

चकल्या क्लबात फिरल्या. धिप्पाड मुलं दोन्ही हातांनी चकली धरून, ती कुठून सुरू होते ते शोधत होती. एकाने विचारलं, हे सरळ करून खायचं असतं का? आयाची सर्दी ओव्याने सुटली, असं ती शपथेवर सांगते. खोलीभर भाजणीचा वास. म्हटलं ना, सगळ्यांच्या वर.

काकूंना मी सगळं सांगितलं. तोकुनी नाशी वगैरे. मला वाटलं त्या खचतील. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "अगं, मी चिपळूणला शाळेत डावा कोपरा खेळायचे."

"फुटबॉल?"

"कबड्डी! आमेफुतो कुठलं चिपळूणला! डावा कोपरा. घोटा पकडायला एक नंबर. मग काय व्हायचं, चढाईवाली माझ्याकडे यायचीच नाही. उजवीकडेच घुटमळायची. माझ्या नावावर पकडी कुठून लागणार? जिल्ह्याच्या संघात उजव्या कोपऱ्यावालीला घेतलं. मेली चांगली होती, पण तिला सराव माझ्यामुळे मिळाला की!" आणि हसल्या. मग फोन पुढे करत म्हणाल्या, "मी याची सगळी शूटिंग केलीय बघ. तुमच्यासारखी चांगली नाही."

इथे मला थोडं थांबू द्या, कारण ही गोष्ट फक्त आपल्या माणसांच्याच हातून होऊ शकते. तुम्ही शाळेच्या गॅदरिंगला गेला आहात. स्टेजवर वीस पोरं कोळीनृत्य करतात आणि खाली वीस आया फोन उंचावून उभ्या असतात. प्रत्येक फोनमध्ये एकच पोर. मागून तिसऱ्या ओळीतलं, चुकीच्या पायाने नाचणारं, आपलं. नाच कसा झाला हे त्यातल्या एकीलाही सांगता येत नाही. वैशालीकाकूंनी आख्खा मोसम असाच चित्रित केला होता. चेंडू नाही. गोल नाही. ढीग नाही. मैदानात काय उलथापालथ होतेय त्याचा पत्ता नाही. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत फक्त ईशान, आणि ईशानच्या समोरचा तो झेलणारा.

मी तो फोन हातात घेऊन उभी होते आणि मला माझ्या विषयातलं याहून सुंदर काही दिसलेलं नव्हतं. पाय मागे, मागे, मागे, कंबर वळली, सुटला. पुन्हा. उन्हात, पावसात, तिरप्या संध्याकाळच्या प्रकाशात. आणि वर काकूंचा आवाज: "पाणी पी रे. पाणी पी. पीत नाहीये. अरे बाळा, लेस सुटलीय."

मोरिता-सानांना ते दाखवायला मी त्याच दिवशी गेले. काकू नको नको म्हणत मागे. "अगं, माझा आवाज आहे त्याच्यात, वेड्यासारखा!" मोरिता-सान घडीच्या खुर्चीत. मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात, जे झालंच नाही ते बघू कसं. असं बघा."

त्यांनी टोपी मागे सारली आणि बघायला लागले. मग फोनवर बोट ठेवून म्हणाले, "हात."

"कुणाचा?"

"समोरच्या झेलणाऱ्याचा. मोकळा झाला की तो हात वर करतो, चेंडू टाक म्हणून. हा करत नाहीये." पुढचा सामना लावला. वेगळा संघ, वेगळा झेलणारा. "हाही नाही." त्याच्या पुढचा. तिथे एकदा हात खांद्यापर्यंत गेला, ईशान कडेला येऊन चिकटला, आणि हात नाक खाजवून खाली आला. मोरिता-सान मोठ्याने हसले. फेकणाऱ्याला लांब फेकता येत नाही, हा त्यांचा प्रश्न त्या नाकापाशी संपला. फेकणं पुढची गोष्ट. मागायलाच कुणी धजत नव्हतं.

तेवढ्यात चित्रणात कुणाचातरी फोन आल्यासारखी खुडबुड झाली आणि काकूंचा आवाज आला. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर त्या बोलत होत्या, तोयोसुला, नवऱ्याशी. "हां बोला... नाही हो, विशेष काही नाही. सगळं छान चाललंय. विशेष काहीच नाही."

मोरिता-सानांनी चित्रण थांबवलं. "ओकासान काय म्हणतायत?"

ओकासान म्हणजे आईसाहेब. मी तोंड उघडलं, आणि मला जपानीत दुसरे शब्दच सापडेनात. सापडणार कसे, दुसरे नाहीतच. "त्या म्हणतायत... तोकुनी नाशी."

काकू माझ्याकडे, मी मोरिता-सानांकडे. मग मी समजावलं. आमच्याकडे फोन केला की पहिला प्रश्न, काय विशेष? आणि उत्तर, विशेष काही नाही. म्हणजे सगळे बरे आहेत. कुणी पडलं नाही, कुणी आजारी नाही, दाराशी कुणी आलेलं नाही. दूर देशी राहणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी नसते. काकू वीस वर्षं चिपळूणला हीच बातमी पाठवतायत.

मोरिता-सान उठले. टोपी काढली. आणि वैशालीकाकूंना कमरेत वाकून म्हणाले, "मी शब्द बरोबर वापरला होता. अर्थ आज कळला."

काकू गडबडून त्यांच्यापेक्षा खाली वाकल्या. मग ते आणखी खाली. हे बराच वेळ चाललं.

पण मोरिता-सान शिक्षक होते, माफी मागून थांबणारे नव्हेत. "चाचणीसाठी सांगतो," म्हणाले, "पण गडी पाडता येत नाही त्याला. तिथलं मैदान आपल्यापेक्षा रुंद. इतका सभ्य राहिला तर ते याला ओलांडून जातील." मी भाषांतर केलं. काकूंनी पर्स माझ्याकडे दिली, ऑफिसची पँट घोट्यावर दुमडली आणि बूट काढले. "ईशान! ये इकडे. पळ माझ्या अंगावर."

"आई, नको ना, सगळे बघतात!"

"बघू दे. ये."

नदीकाठच्या गवतावर, चिपळूणच्या डाव्या कोपऱ्याने नागोयाचा डावा कोपरा असा घोट्यात पकडून आडवा केला, की आख्खा क्लब किंचाळला. मग रांग लागली. एकेक धिप्पाड पोर वाकून "ओनेगाई शिमासु" म्हणायचं, म्हणजे कृपा असू द्या, आणि पडायचं. काकूंचे केस सुटलेले, गुडघ्यावर चिखल, तोंडाने चालूच: "वर नको बघू त्याच्याकडे! तोंडाला भुलशील. पाय खोटं बोलत नाहीत." हे वाक्य मी माझ्या प्रबंधात घातलंय.

त्यानंतरचे सामने म्हणजे नुसता उत्सव. कुणी सुरू केलं ठाऊक नाही, बहुधा आयाने. चेंडू उजवीकडे गेला, की डाव्या बाकांवरून काकू ओरडायच्या, "काय विशेष?" आणि आमची सगळी पोरं, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, ती एका सुरात, "विशेष काही नाऽऽही!" 'ष' कुणाला जमत नव्हता. विसेस. शेवटच्या सामन्यात तर समोरच्या संघाचे आईबापसुद्धा म्हणत होते. मोरिता-सानांची खुर्ची मध्यावरून हलून डावीकडे आली होती.

हिवाळ्यात चाचणी झाली. ईशानने चेंडू पाडले, अपेक्षेप्रमाणे. पण समोर पळायला ठेवलेल्यांना मोकळं होऊ दिलं नाही. वसंतात निवड झाली. शेवटच्या फेरीत, जवळजवळ सगळी नावं संपल्यावर, त्याचं नाव आलं. बातमी त्याला पहाटे कळली. त्या दिवशी कंपनीत नव्या कर्मचाऱ्यांना व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी कसं द्यायचं याचं शिक्षण होतं. हा गेला. मधेच उठणं बरं दिसत नाही म्हणून दिवसभर बसला, कार्डं दिली, कार्डं घेतली, आणि संध्याकाळी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणे हसले आणि म्हणाले, तिकडे गेल्यावरही कार्ड दोन हातांनीच द्या.

मला त्याने फोन केला. "ताई-सान, मी झाले!"

मी रडले. व्याकरण सुधारलं नाही.

आता पुन्हा किनमोकुसेई. मी पुन्हा मनोऱ्यावर. ईशान तिकडे बरेच आठवडे राखीवच होता, बाकावर. काकू या रविवारी आमच्या सामन्याला आल्या होत्या, मुलगा इथे नसताना, सवयीने, डावीकडे. त्यांचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा करून मधे धरला.

"काय रे, काय विशेष?"

लांबून, उलट्या घड्याळातून, थंडीने जड झालेला तो आवाज: "विशेष काही नाही, आई. आज मी बसले नाही, खेळले. पण इकडे बॉल आलीच नाही."

काकूंनी फोन छातीशी धरला. मग मला म्हणाल्या, "ऐकलंस? आलाच नाही बॉल!" आणि डबा उघडला.

तर वाचकहो, मागणी. आमच्या डाव्या कोपऱ्यावर आता दुसऱ्या वर्षाचा एक किडकिडीत मुलगा उभा असतो. त्याची आई होक्काइदोला असते, तिला दर रविवारी येणं जमत नाही. येत्या रविवारी तुम्ही या. डावीकडे बसा. फोन चार्ज करून आणा. मैदानात कितीही आरडाओरडा होवो, चेंडूकडे बघायचं नाही. फक्त त्याच्याकडे बघायचं, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. यायला जमणार नसेल तर जिथे असाल तिथल्या कुठल्याही मैदानावर हेच करा. आणि चेंडू पलीकडे गेला, की लाजू नका. उभे राहा आणि ओरडा: काय विशेष?